सुनील गावस्कर : हेल्मेटशिवाय खेळणारा सलामीवीर कॉमेंट्री बॉक्समधला आवाज कसा झाला?

२८ डिसेंबर २०२४. मेलबर्न कसोटीत ऋषभ पंत पडत्या अंगाने एक अचाट फटका मारायला गेला आणि झेल देऊन बसला. त्या वेळी समालोचन करणाऱ्या सुनील गावस्कर यांच्या तोंडून तीन शब्द निघाले, ‘स्टुपिड, स्टुपिड, स्टुपिड.’ काही मिनिटांत त्याची रील झाली, मीम झाले, टी-शर्टही आले. सहा महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, त्याच पंतने इंग्लंडमध्ये लीड्सच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं ठोकली. पहिल्या शतकाच्या वेळी गावस्कर माइकवर म्हणाले, ‘सुपर्ब, सुपर्ब, सुपर्ब.’ त्याचीही रील झाली.

आज मोबाईलवर क्रिकेट पाहणाऱ्या पिढीतल्या अनेकांसाठी गावस्कर म्हणजे हेच. टीव्हीवर बसून खेळाडूंना कधी झापणारे, कधी डोक्यावर घेणारे आजोबा. त्यांनी प्रत्यक्ष बॅटिंग केलेली पाहणारे लोक आता पन्नाशीच्या पुढे गेले आहेत. पण निवृत्त खेळाडूच्या शब्दाला इतकं वजन का येतं, तो माइकपर्यंत कसा पोहोचतो आणि तिथे बसल्यावर त्याला खरोखर किती मोकळेपणाने बोलता येतं, हे समजून घ्यायचं असेल तर भारतात गावस्कर यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

एका नजरेत

- जन्म : १० जुलै १९४९, मुंबई
- कसोटी पदार्पण : मार्च १९७१, पोर्ट ऑफ स्पेन, वेस्ट इंडीजविरुद्ध
- कसोटी : १२५ सामने, १०,१२२ धावा, सरासरी ५१.१२, ३४ शतकं
- एकदिवसीय : १०८ सामने, ३,०९२ धावा, १ शतक
- कसोटी कर्णधार : ४७ सामने, त्यांतले ९ जिंकले, ८ हरले, ३० अनिर्णित
- शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना : ५ नोव्हेंबर १९८७, वानखेडे
- सन्मान : अर्जुन पुरस्कार, पद्मभूषण (१९८०)
- निवृत्तीनंतर : स्तंभलेखक, टीव्ही समालोचक, क्रीडा व्यवस्थापन व्यवसाय

जन्मतःच झालेली अदलाबदल

गावस्कर यांनी आपल्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात एक किस्सा सांगितला आहे. जन्मानंतर त्यांना बघायला आलेल्या काकांनी बाळाच्या कानाजवळचं एक बारीक छिद्र लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा पाळण्यातल्या बाळाच्या कानाजवळ ते छिद्रच नव्हतं. शोधाशोध झाली आणि खरं बाळ एका कोळीण बाईच्या शेजारी झोपलेलं सापडलं. काकांची नजर चुकली असती तर आपण कदाचित मासेमारी करत असतो, असं गावस्कर गमतीने सांगतात.

घरात क्रिकेट होतंच. मामा माधव मंत्री हे भारताकडून कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये झालं आणि क्रिकेटची खरी शाळा म्हणजे दादर युनियन क्लब. त्या काळच्या मुंबई क्रिकेटचा एक शब्द प्रसिद्ध आहे, ‘खडूस’. विकेट फेकायची नाही, समोरच्याला काहीही फुकट द्यायचं नाही. गावस्कर यांची पुढची सगळी फलंदाजी, आणि माइकवरचा त्यांचा चिडका सूरही, या एका शब्दातून उलगडतो.

१९७१ : चार कसोटींत ७७४ धावा

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बोटाला झालेल्या संसर्गामुळे गावस्कर यांची पहिली कसोटी हुकली. दुसऱ्या कसोटीत पदार्पण झालं आणि त्यांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या. भारताने ती कसोटी जिंकली. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालच्या संघाने पुढे मालिकाही जिंकली.

गावस्कर यांनी उरलेल्या तीन कसोटींत चार शतकं काढली. पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत तर पहिल्या डावात १२४ आणि दुसऱ्या डावात २२०. चार कसोटींत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. पदार्पणाच्या मालिकेत एवढ्या धावा आजवर कुणालाही करता आलेल्या नाहीत. त्रिनिदादचे गायक लॉर्ड रिलेटर यांनी त्यांच्यावर एक कॅलिप्सो गाणंच रचलं. हरलेल्या देशाच्या गायकाने जिंकलेल्या संघाच्या खेळाडूवर गाणं करणं, हे एरवी सहसा होत नाही.

त्यानंतरची दीड दशकं जगातले सगळ्यात वेगवान गोलंदाज वेस्ट इंडीजकडे होते. बाऊन्सरवर आजच्यासारखं बंधन नव्हतं. तरी गावस्कर यांच्या ३४ पैकी १३ शतकं वेस्ट इंडीजविरुद्धच आहेत. हेल्मेट त्यांनी कधी घातलं नाही. कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली डोक्याच्या बाजूंना संरक्षण देणारं एक छोटं कवच तेवढं वापरलं.

या काळातल्या दोन खेळी आवर्जून सांगाव्या लागतात. १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य होतं. गावस्कर यांनी १०२ आणि गुंडप्पा विश्वनाथ यांनी ११२ धावा केल्या आणि भारताने सामना जिंकला. १९७९ मध्ये ओव्हलवर लक्ष्य होतं ४३८. गावस्कर यांनी २२१ धावा काढल्या. भारत ८ बाद ४२९ वर थांबला, विजय ९ धावांनी हुकला आणि सामना अनिर्णित राहिला.

त्यांच्याही हातून चुका झाल्या

पंतला झापणाऱ्या गावस्कर यांच्यावर सोशल मीडियात एक उत्तर हमखास येतं, ‘१९७५ आठवा.’ ते काय आहे?

१९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल गावस्कर सलामीला आले आणि शेवटपर्यंत नाबाद राहिले. धावा ३६, चेंडू १७४. भारताने ६० षटकांत ३ बाद १३२ एवढीच मजल मारली. ही खेळी आजही एकदिवसीय क्रिकेटमधली सगळ्यात अनाकलनीय खेळी समजली जाते, आणि गावस्कर यांनीही तिचं कधी फारसं समर्थन केलेलं नाही.

दुसरा प्रसंग १९८१ चा, मेलबर्नचा. डेनिस लिली यांच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर गावस्कर भडकले. चेंडू बॅटला लागल्याचं त्यांचं म्हणणं होतं. परत जाताना त्यांना उद्देशून शेरेबाजी झाली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या टोकाला खेळणाऱ्या चेतन चौहान यांनाही सोबत मैदानाबाहेर नेलं. सीमारेषेवर संघ व्यवस्थापकांनी चौहान यांना थांबवलं, म्हणून सामना वाचला. नाहीतर भारताने तो सोडून दिल्याचं धरलं गेलं असतं. पुढे कपिल देव यांच्या गोलंदाजीपुढे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत कोसळला आणि भारताने ती कसोटी ५९ धावांनी जिंकली. आपलं ते वागणं चुकीचं होतं, असं गावस्कर यांनी नंतर मान्य केलं.

तिसरा प्रसंग कोलकात्याचा. १९८४-८५ मध्ये ईडन गार्डन्सवरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर या मैदानावर पुन्हा खेळणार नाही, असं त्यांनी ठरवलं. १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या ईडन कसोटीतून ते खरोखरच बाहेर राहिले. त्यामुळे सलग १०६ कसोटी खेळण्याची त्यांची मालिका तिथे तुटली.

दहा हजार धावा आणि नागपूरचं शतक

१९८३ हे वर्ष दुहेरी होतं. जूनमध्ये भारताने विश्वचषक जिंकला. त्या संघात गावस्कर होते, पण त्यांची स्वतःची स्पर्धा फिकी गेली. वर्षाच्या अखेरीस मात्र त्यांनी दिल्लीत डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि चेन्नईत नाबाद २३६ धावा करत ३० वं शतक झळकावलं. मार्च १९८७ मध्ये अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध ते कसोटीत १०,००० धावा करणारे जगातले पहिले फलंदाज ठरले. त्याच महिन्यात बंगळुरूला शेवटची कसोटी झाली. वळणाऱ्या, उसळणाऱ्या खेळपट्टीवर त्यांनी ९६ धावा केल्या आणि भारत अवघ्या १६ धावांनी हरला.

विदर्भातल्या क्रिकेटप्रेमींना मात्र आठवते ती तारीख ३१ ऑक्टोबर १९८७. नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना होता. चेतन शर्मा यांनी विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. मग अंगात ताप असताना गावस्कर यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा कुटल्या. २२२ धावांचं लक्ष्य भारताने ३३ व्या षटकातच गाठलं. १९७५ मध्ये १७४ चेंडूंत ३६ करणाऱ्या माणसाचं एकदिवसीय क्रिकेटमधलं हे पहिलं आणि एकमेव शतक होतं. पाच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामन्यात ते ४ धावांवर त्रिफळाचीत झाले. भारत हरला आणि कारकीर्द संपली.

माइकच्या आधी पेन

खेळाडू निवृत्त झाला, चॅनलने बोलावलं आणि तो बोलायला लागला, एवढं हे सरळ नसतं. गावस्कर यांची तयारी खेळत असतानाच सुरू झाली होती.

‘सनी डेज’ १९७६ मध्ये आलं, म्हणजे पदार्पणानंतर पाचच वर्षांनी. पुढे ‘आयडॉल्स’, ‘रन्स अँड रुइन्स’ आणि ‘वन डे वंडर्स’ ही पुस्तकं खेळत असतानाच आली. वर्तमानपत्रांत त्यांचे स्तंभ छापून येत होते. मधल्या काळात ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात ते नायक झाले आणि शांताराम नांदगावकर यांनी लिहिलेलं एक मराठी गाणंही त्यांनी गायलं. दूरदर्शनवर ‘सुनील गावस्कर प्रेझेंट्स’ हा कार्यक्रम त्यांनी सादर केला.

धंद्याचीही समज होती. सुमेध शाह यांच्यासोबत त्यांनी ‘प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप’ ही कंपनी उभी केली. खेळाडूंच्या जाहिराती, करार, स्तंभ यांचं काम बघणारी ही भारतातली सुरुवातीच्या काळातली कंपनी. खेळाडूचं नाव हे विकता येणारं भांडवल आहे, ही गोष्ट त्या काळात फार कमी भारतीय खेळाडूंच्या लक्षात आली होती. पुढे याच कंपनीवरून प्रश्न उभे राहिले, ते खाली येईलच.

समालोचन हा पोटापाण्याचा व्यवसाय कधी झाला?

भारतात माजी खेळाडू समालोचन करत नव्हते असं नाही. विजय मर्चंट यांचा आवाज रेडिओवर घराघरांत पोहोचला होता. पण आकाशवाणी आणि दूरदर्शन या सरकारी संस्था. मानधन बेताचं, सामने मोजके आणि दुसरा पर्यायच नाही. समालोचन हा जोडधंदा होता.

चित्र बदललं १९९० च्या दशकात. क्रिकेट मंडळाने सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकायला सुरुवात केली आणि दूरदर्शनशी वाद पेटला. १९९३ च्या हिरो कपवरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार कोर्टात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. भारतातल्या खासगी क्रीडा वाहिन्यांचा रस्ता या निकालाने मोकळा झाला. पाठोपाठ ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स आले.

वाहिन्यांना वर्षभर क्रिकेट दाखवायचं होतं आणि त्यासाठी ओळखीचे आवाज हवे होते. गावस्कर, रवी शास्त्री आणि पुढे संजय मांजरेकर हे मुंबईकर त्या लाटेवर पुढे आले. हा पैसा किती वाढला, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले.

कॉमेंट्री बॉक्समध्ये नेमकं काय चालतं?

टीव्हीवर एका वेळी दोन किंवा तीन जण बोलतात. साधारण अर्ध्या तासाने जोड्या बदलतात. एकाचं काम चेंडूमागून चेंडू सांगत राहण्याचं, दुसऱ्याचं काम ‘का’ सांगण्याचं. फलंदाजाचा पाय कुठे पडला, क्षेत्ररक्षक तिथे का ठेवला, गोलंदाज पुढचा चेंडू कुठे टाकेल. माजी खेळाडूला घेतात ते मुख्यतः या दुसऱ्या कामासाठी.

कानात सतत निर्मात्याचा आवाज असतो. रिप्ले येतोय, जाहिरातीला दहा सेकंद आहेत, आता प्रायोजकाचं नाव घ्या. हे ऐकत ऐकत न अडखळता बोलायचं. आणि टीव्हीवर सगळ्यात अवघड काम असतं गप्प बसण्याचं. जे प्रेक्षकाला दिसतंय ते पुन्हा सांगायचं नसतं. रेडिओचं बरोबर उलट. तिथे ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून मैदान, वारा, क्षेत्ररचना, धावफलक सगळं शब्दांतूनच उभं करावं लागतं.

गावस्कर यांचा भर तंत्रावर असतो. डोकं स्थिर आहे का, बॅट आणि पॅडमध्ये फट राहिली का, परिस्थिती काय आणि फटका कुठला. मेलबर्नला ते पंतवर चिडले तेही याच कारणाने. क्षेत्ररक्षक नेमका तिथेच उभा असताना आणि संघ अडचणीत असताना तोच फटका पुन्हा का, असा त्यांचा आक्षेप होता.

कळीचा प्रश्न : पगार कोण देतो?

समालोचक पत्रकार असतो की कार्यक्रमाचा भाग? प्रेक्षकाला वाटतं, तो आपल्या बाजूने बोलतोय. पण त्याचा करार ज्याच्याशी आहे त्याच्याविरुद्ध तो किती बोलेल? गावस्कर यांच्या कारकिर्दीत हा प्रश्न वारंवार आला.

२००८ मध्ये ते आयसीसीच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष होते आणि त्याच वेळी वर्तमानपत्रांत, टीव्हीवर क्रिकेटच्या कारभारावर टीकाही करत होते. दोन्हींपैकी एक निवडा, असं आयसीसीने सांगितलं. गावस्कर यांनी समितीचं अध्यक्षपद सोडलं आणि माध्यमांतलं काम ठेवलं.

मग प्रश्न घरच्या मंडळाचा आला. बीसीसीआयने समालोचकांशी थेट करार करायला सुरुवात केली. २०११ मध्ये आलेल्या बातम्यांनुसार मंडळ गावस्कर आणि शास्त्री यांना वर्षाला प्रत्येकी ३ कोटी ६० लाख रुपये देत होतं. म्हणजे सामना भरवणारी संस्थाच त्या सामन्याबद्दल बोलणाऱ्याला पैसे देत होती. अशा बॉक्समधून मंडळाच्या कारभारावर कुणी बोट ठेवेल का, ही टीका तेव्हापासून होत आली आहे.

मार्च २०१४ मध्ये गोष्टीला वेगळंच वळण लागलं. आयपीएल फिक्सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एन. श्रीनिवासन यांना बाजूला ठेवलं आणि त्या हंगामाच्या आयपीएलसाठी बीसीसीआयचे हंगामी अध्यक्ष म्हणून गावस्कर यांना नेमलं. त्यासाठी त्यांना समालोचन सोडावं लागणार होतं, म्हणून बुडणाऱ्या मानधनाची भरपाई मंडळाने करावी, असंही न्यायालयाने सांगितलं. काही महिन्यांनी ती जबाबदारी संपली आणि गावस्कर पुन्हा माइककडे परतले.

२०१७ मध्ये टीका आणखी थेट झाली. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीचा राजीनामा देताना इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लिहिलेल्या पत्रात गावस्कर यांचं नाव होतं. खेळाडूंचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचे प्रमुख त्याच खेळाडूंवर समालोचन करतात, हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, असा गुहा यांचा मुद्दा होता. एका क्रिकेटपटूच्या कर्तृत्वाबद्दल आदर ठेवूनही हा प्रश्न रास्त ठरतो. प्रेक्षकाला निदान एवढं माहीत असायला हवं, की बोलणाऱ्याचे पैसे कुठून येतात.

बोलण्याची किंमत

बोललं तर काय होतं, याचं उदाहरण संजय मांजरेकर. ३७ कसोटी खेळलेला हा मुंबईकर फलंदाज स्पष्ट बोलणारा म्हणून ओळखला जातो. २०१९ च्या विश्वचषकात त्यांनी रवींद्र जडेजाला तुकड्यातुकड्यांत खेळणारा क्रिकेटपटू या अर्थाचं विशेषण लावलं. जडेजाने ट्विटरवर जाहीर उत्तर दिलं. मार्च २०२० मध्ये मांजरेकर बीसीसीआयच्या समालोचक यादीतून बाहेर पडले. त्याच वर्षाअखेर ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते पुन्हा ऐकू आले, कारण त्या मालिकेचे हक्क दुसऱ्या प्रक्षेपकाकडे होते आणि तिथे यादी मंडळाची नव्हती.

हे फक्त भारतात होतं असं नाही. फुटबॉलमध्ये याच वाटेवरचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे इंग्लंडचे गॅरी लिनेकर. १९८६ च्या विश्वचषकात सर्वाधिक ६ गोल, देशासाठी ८० सामन्यांत ४८ गोल आणि अख्ख्या कारकिर्दीत एकदाही पिवळं किंवा लाल कार्ड नाही. १९९९ पासून २०२५ पर्यंत त्यांनी बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम सादर केला. मार्च २०२३ मध्ये निर्वासितांबाबतच्या सरकारी धोरणावर त्यांनी ट्विट केलं आणि बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून बाजूला केलं. सहकारी माजी फुटबॉलपटूंनी त्यांना पाठिंबा देत काम नाकारलं. त्या शनिवारी कार्यक्रम सूत्रसंचालक आणि समालोचनाशिवाय, जेमतेम २० मिनिटांत उरकावा लागला. काही दिवसांत लिनेकर परत आले. सहकारी एकत्र उभे राहिले की तराजू थोडा झुकतो, हे तिथे दिसलं. मांजरेकरांच्या बाबतीत तसं काही घडलं नव्हतं.

समालोचकाचा शब्द घसरतो, हीही दुसरी बाजू आहेच. सप्टेंबर २०२० मध्ये आयपीएलच्या एका सामन्यात गावस्कर यांनी विराट कोहलीच्या सरावाबद्दल बोलताना अनुष्का शर्मा यांचा उल्लेख केला. अनुष्का यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. लॉकडाऊनमध्ये अनुष्का यांच्या गोलंदाजीवर कोहली खेळत असल्याचा जो व्हिडिओ आला होता, त्याबद्दल आपण बोललो, दोष कुणालाच दिला नाही, असा खुलासा गावस्कर यांनी केला. मात्र खेळाडूच्या अपयशाच्या चर्चेत त्याच्या पत्नीचं नाव येण्याची गरज काय, हा प्रश्न त्या खुलाशाने पुरता मिटला नाही.

मराठी समालोचन आणि बुलढाण्याचा प्रश्न

गावस्कर मोठे झाले ते इंग्रजी समालोचनात. पण महाराष्ट्रातल्या गावागावांत क्रिकेट पोहोचवलं ते मराठी आवाजांनी. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावतं समालोचन केलं आणि इंग्रजी खेळाला मराठी शब्द दिले. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातून नागपूरचं मैदान तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तिथे क्रिकेट आधी कानांनी पोहोचलं, डोळ्यांनी नंतर.

मधल्या केबल टीव्हीच्या काळात इंग्रजी आणि हिंदीने मराठीला मागे टाकलं. ती कसर मोबाईलने काही अंशी भरून काढली. २०२३ ची आयपीएल जिओ सिनेमावर १२ भाषांत दाखवली गेली, त्यांत मराठीही होती. त्या मराठी बॉक्समध्ये बसलेले केदार जाधव समालोचन करता करता अचानक मैदानात परतले. डेव्हिड विली जखमी झाल्यावर बंगळुरू संघाने मे २०२३ मध्ये त्यांना बदली खेळाडू म्हणून करारबद्ध केलं. माइककडून मैदानाकडे, असा उलटा प्रवास!

पण क्रिकेटच्या पलीकडे काय? बुलढाण्याचं नाव आज जगात नेतो तो तिरंदाज प्रथमेश जावकर. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या दिग्गजाला अंतिम लढतीत १४९-१४८ असं हरवलं. १५ बाण, १५० पैकी १४९ गुण. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासह त्याने सांघिक सुवर्ण मिळवलं.

५० मीटरवरून १५ पैकी १४ बाण नेमके दहाच्या वर्तुळात जातात म्हणजे काय होतं? वारा कसा मोजतात, शेवटच्या बाणाआधी श्वास कसा सांभाळतात, एका गुणाने लढत फिरते तेव्हा हाताला काय जाणवतं? हे सांगायला असा बाण सोडलेलाच माणूस हवा. क्रिकेटला मराठीत तासन्‌तास समालोचन मिळतं, तिरंदाजीच्या वाट्याला बहुतेक वेळा निकालाची बातमी येते. त्यामुळे पदक आलं की जिल्हा आनंदतो, पण खेळ मात्र कुणाला फारसा कळलेला नसतो.

गावस्कर यांच्या प्रवासातून अशा खेळाडूंना घेण्यासारखं बरंच आहे. खेळत असतानाच लिहायला, बोलायला शिकावं. स्वतःच्या नावाचं मोल ओळखावं. बोलताना तंत्रावर बोट ठेवावं, माणसावर नाही. आणि करार कुणाशी आहे, हे ऐकणाऱ्यापासून लपवू नये.

आज गावस्कर काय करतात?

वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावरही ते समालोचन करतात आणि स्तंभ लिहितात. १९९९ मध्ये त्यांनी ‘चॅम्प्स फाउंडेशन’ सुरू केलं. देशासाठी खेळलेल्या आणि उतारवयात हलाखीत सापडलेल्या खेळाडूंना ही संस्था मदत करते. मैदानावरून उतरलेल्या प्रत्येकालाच माइक मिळत नाही, हे वास्तव त्यामागे आहे.

भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा करंडक १९९६ पासून अॅलन बॉर्डर आणि त्यांच्या नावाने दिला जातो. जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने सिडनीत तो करंडक जिंकला तेव्हा गावस्कर मैदानावरच, समालोचनाच्या कामात होते. करंडक द्यायला मात्र एकटे बॉर्डर गेले. भारताने करंडक राखला असता तर तो गावस्कर यांच्या हस्ते दिला जाणार होता, असं ऑस्ट्रेलियाच्या मंडळाचं म्हणणं होतं. मला बोलावलं असतं तर आनंद झाला असता, अशा शब्दांत गावस्कर यांनी नाराजी बोलून दाखवली, आणि तीही जाहीरपणे.